ऑफिसच्या लेझर प्रिंटरला पक्का पत्ता द्या, रोजची कटकट संपवा

गोव्यातल्या छोट्या ऑफिसांत, मग ते म्हापशातलं सीएचं असो, फोंड्यातलं वकिलाचं असो नाहीतर मामलेदार ऑफिससमोरचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान असो, नेटवर्कवरच्या लेझर प्रिंटरची तक्रार बहुतेक वेळा एकच असते, काल संध्याकाळपर्यंत चालत होता आणि आज ऑफलाइन दाखवतोय. ही सकाळ कुठली तेपण जवळजवळ ठरलेलं, पावसात रात्रभर लाइट गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची, किंवा चवथीची सुट्टी संपून ऑफिस उघडतं त्या दिवसाची. मग कोणी प्रिंटर बंद-चालू करतो, कोणी ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधलं प्रिंटर चालवायचं सॉफ्टवेअर, काढून परत टाकतो, लिस्टमध्ये त्याच प्रिंटरच्या 'कॉपी १', 'कॉपी २' तयार होतात आणि बाहेर ॲफिडेव्हिटवाला माणूस घड्याळ बघत बसतो.

ड्रायव्हरचा यात काही दोष नसतो. प्रिंटरचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, बदललेला असतो, एवढंच. राउटर घरातल्या, ऑफिसातल्या प्रत्येक मशिनला डीएचसीपीने, म्हणजे आपोआप पत्ते वाटायच्या पद्धतीने, पत्ता देतो पण तो कायमचा नाही, भाड्याने देतो, आणि बऱ्याच राउटरांत ही मुदत २४ तासांची असते. मशिन चालू असेल तर अर्धी मुदत गेली की ते स्वतःच पत्ता रिन्यू करून घेतं, म्हणून रोजच्या कामात काही कळत नाही. पण चवथीला चार-पाच दिवस मेन स्विच पाडून सगळे गावी गेले की मुदत संपते, आणि परत आल्यावर प्रिंटरच्या आधी कोणाचा तरी फोन वायफायला लागतो आणि प्रिंटरचा जुना नंबर घेऊन बसतो. लाइट गेल्यावर तर बरेच स्वस्त राउटर कोणाला काय दिलं होतं ही यादीच विसरतात. पोदेराच्या गिऱ्हाइकाने रोज नवीन घरात बिऱ्हाड हलवलं तर पाव कोणाच्या दारात पडणार? कॉम्प्युटर बिचारा जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत राहतो.

तेव्हा काम दोन टप्प्यांत. प्रिंटरला न बदलणारा पत्ता द्यायचा, आणि प्रत्येक कॉम्प्युटरला तो पत्ता नाव-बिव शोधायला न लावता थेट सांगायचा. खाली जे लिहिलंय ते एचपी, कॅनन, ब्रदर, रिको, क्योसेरा सगळ्यांना लागू, मेनूची नावं थोडी इकडेतिकडे होतील.

आधी ठरवा केबल की वायफाय

माझं मत स्पष्ट आहे, ऑफिसचा प्रिंटर एका जागी बसतो, त्याला लॅन केबलच लावा. प्रिंटरच्या मागे लॅनचं पोर्ट असेल तर वायफायचा विचारच करू नका. पणजीत, मडगावात कितीतरी ऑफिसं जुन्या पोर्तुगीज काळातल्या घरांत आहेत आणि तिथल्या चिऱ्याच्या जाड भिंती वायफायला अक्षरशः गिळतात, पावसाळ्यात भिंत भिजली की आणखीच. समोरच्या खोलीत फोनला पूर्ण रेंज आणि मागच्या खोलीतल्या प्रिंटरला एक काडी, असं होतं. साधी कॅट सिक्स केबल १०० मीटरपर्यंत चालते, एवढं मोठं ऑफिस आपल्याकडे कुणाचं नसतं. फक्त एक सांभाळा, दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल उघड्यावरून ओढू नका, मे महिन्यात नाहीतर परतीच्या पावसात जवळ वीज पडली की तिच्यातून सर्ज येऊन दोन्ही टोकांची पोर्टं जातात. तिथे फायबर टाका.

वायफायच वापरायचं असेल तर तीन गोष्टी. बरेच स्वस्त लेझर प्रिंटर फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतात, ५ गीगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांना दिसतच नाही, मग माणूस म्हणतो वायफाय खराब आहे. राउटरला सिक्युरिटी नुसती डब्ल्यूपीए३ ठेवली असेल तर जुना प्रिंटर पासवर्ड बरोबर असूनसुद्धा जोडला जात नाही, डब्ल्यूपीए२ आणि ३ मिक्स असा पर्याय असतो तो घ्या. आणि गेस्ट वायफायवर प्रिंटर टाकू नका, गेस्टमधली मशिनं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते, प्रिंटर इंटरनेटला जोडलेला दिसेल पण प्रिंट जाणार नाही. अजून एक, बऱ्याच प्रिंटरांत लॅन आणि वायफाय एका वेळी एकच चालतं, केबल लावली की वायफाय बंद होतं किंवा मेनूत जाऊन 'वायर्ड' निवडावं लागतं. केबल लावूनही दिवे लागत नसतील तर आधी हे बघा.

आत्ताचा पत्ता काय ते बघा

पडदा असलेल्या मशिनवर मेनूत 'रिपोर्ट्स' नावाचा भाग असतो, तिथून नेटवर्कचा किंवा कॉन्फिगरेशनचा रिपोर्ट छापा. ब्रदरवर 'प्रिंट रिपोर्ट्स'मध्ये 'नेटवर्क कॉन्फिग' मिळेल. पडदा नसलेल्या छोट्या एचपीवर बहुतेक ठिकाणी रिझ्यूमचं बटण काही सेकंद दाबून धरलं की कागद बाहेर येतो. या कागदावर बाकी बरंच काही असतं, आपल्याला चार गोष्टी हव्यात, आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क, गेटवे (म्हणजे राउटरचा पत्ता) आणि मॅक ॲड्रेस. मॅक ॲड्रेस म्हणजे दोन-दोन अक्षर-आकड्यांच्या सहा जोड्या, तो मशिनचा जन्मजात असतो, तो बदलत नाही. लॅनचा आणि वायफायचा मॅक वेगळा असतो हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने कंटाळून स्वतःच एक घेतलाय. ०.०.०.० असेल तर तेच, बहुतेक केबल सैल किंवा नेटवर्कचा स्विच, म्हणजे लॅन केबली जोडायचा डबा, बंद. पोर्टवरचा हिरवा-केशरी दिवा बघा, दिवा नाही तर पुढचं काहीच करून उपयोग नाही. आपल्या दमट हवेत आरजे४५ च्या, म्हणजे लॅन केबलच्या टोकाच्या, पिना हिरव्या पडतात, विशेष करून समुद्राजवळच्या ऑफिसांत, तेव्हा केबल बदलून बघायला लाजू नका, प्रिंटर उघडण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

नंबर कुठला निवडायचा

ऑफिसातल्या कुठल्याही विंडोज कॉम्प्युटरवर सीएमडी, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडा आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा. समजा कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१.१०४ आला, मास्क २५५.२५५.२५५.० आणि डिफॉल्ट गेटवे १९२.१६८.१.१. याचा अर्थ पहिले तीन आकडे ऑफिसात सगळ्यांचे सारखेच राहणार, १९२.१६८.१, आणि शेवटचा आकडा २ ते २५४ मधला काहीतरी प्रिंटरला द्यायचा. (मी इथे आकडे मराठीत लिहितोय, मशिनवर मात्र इंग्रजी आकडेच टाकायचे, आणि मध्ये टिंब, कॉमा नाही.)

आता काहीही नंबर उचलून द्यायचा नाही. ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकून राउटरचं पान उघडा, पासवर्ड राउटरखालच्या स्टिकरवर असतो किंवा कनेक्शन देणाऱ्याला विचारा, आणि डीएचसीपीचा भाग शोधा. तिथे सुरुवात आणि शेवट असे दोन पत्ते दिसतील, समजा १०० ते २००. हा राउटरचा वाटण्याचा पट्टा, यातला नंबर तो कोणालाही देऊ शकतो, म्हणून आपण प्रिंटरला त्याच्या बाहेरचा द्यायचा, समजा ५०. काही राउटरांत पट्टा थेट २ ते २५४ असतो, म्हणजे बाहेर जागाच नाही, तर तो कमी करून १०० ते २०० करा आणि सेव्ह करा. नंतर सीएमडीत पिंग (ping) १९२.१६८.१.५० करून, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून, बघा, उत्तर आलं तर तो नंबर कोणीतरी घेतलेला आहे, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि हजेरीचं बायोमेट्रिक मशिन हे दोघे नेहमीचे संशयित, ते लावणारे असेच गुपचूप नंबर टाकून जातात. पिंगला उत्तर नाही म्हणजे शंभर टक्के रिकामा असंही नाही, काही मशिनं पिंगला उत्तरच देत नाहीत, म्हणून पाठोपाठ एआरपी -ए (arp -a) टाइप करा आणि यादीत त्या नंबरासमोर मॅक ॲड्रेस दिसतोय का बघा. दिसला तर दुसरा नंबर घ्या.

दुसरा रस्ता म्हणजे रिझर्वेशन. प्रिंटरला डीएचसीपीवरच राहू द्यायचं आणि राउटरला सांगायचं की या मॅक ॲड्रेसवाल्याला नेहमी ५० नंबरच दे. टीपी-लिंकच्या राउटरांत 'ॲड्रेस रिझर्वेशन' म्हणून असतं. मला हा रस्ता जास्त आवडतो, कारण सगळे पत्ते एका जागी दिसतात आणि दोन मशिनांना चुकून एक नंबर जात नाही. पण दोन भानगडी आहेत, इंटरनेटवाला जो डबा देतो त्यात कधीकधी हा पर्यायच नसतो, किंवा असतो पण आपल्याला दिलेल्या लॉगिनला दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे राउटर जळला की रिझर्वेशनची यादी त्याच्याबरोबर गेली. आपल्याकडे पावसाळ्यात राउटर जळणं काही नवीन नाही. म्हणून राउटर स्वतःचा आणि बरा असेल तर रिझर्वेशन, इंटरनेटवाल्याचा असेल तर प्रिंटरवरच स्टॅटिक, म्हणजे हाताने भरलेला पक्का पत्ता. दोन्ही एकदम करायची गरज नाही.

प्रिंटरवर भरणं

हे छोटं काम आहे. पडद्यावरून करायचं तर मेनू, नेटवर्क, वायर्ड लॅन किंवा डब्ल्यूलॅन (वायफाय), टीसीपी/आयपी, तिथे 'बूट मेथड' किंवा 'आयपी कॉन्फिग' ऑटोवरून मॅन्युअल अथवा स्टॅटिक करा, मग चार ओळी भरा. बाणांच्या बटणांनी एकेक आकडा वरखाली करत बसायचा कंटाळा आला तर कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आत्ताचा पत्ता टाका, त्याचं स्वतःचं वेबपान उघडतं. एचपी त्याला एम्बेडेड वेब सर्व्हर म्हणते, कॅनन रिमोट यूआय, रिको वेब इमेज मॉनिटर, क्योसेरा कमांड सेंटर आरएक्स. ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं लाल अक्षरात ओरडेल, कारण प्रिंटरने सर्टिफिकेट स्वतःच स्वतःला दिलेलं असतं, आपल्याच ऑफिसातला पत्ता आहे याची खात्री असेल तर ॲडव्हान्स्डमधून पुढे जा.

लॉगिन मागेल. नव्या ब्रदरवर मागच्या बाजूच्या स्टिकरवर 'पीडब्ल्यूडी' असं लिहून पुढे पासवर्ड छापलेला असतो. नव्या एचपींत पिन कार्ट्रिजचं झाकण उघडल्यावर आतल्या लेबलवर असतो. आत गेलात की आधी हा पासवर्ड बदला आणि ऑफिसच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, कारण दोन वर्षांनी कोणालाही आठवत नाही आणि मग आख्खा फॅक्टरी रिसेट मारावा लागतो.

चार ओळी अशा भरा. आयपी १९२.१६८.१.५०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएसच्या (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्याच्या) जागी पण गेटवेचाच पत्ता टाकला तरी चालतं, नाहीतर ८.८.८.८. बरेच सर्व्हिसवाले शेवटच्या दोन ओळी रिकाम्या सोडून जातात, कारण नुसत्या प्रिंटला त्या लागतच नाहीत, एकाच नेटवर्कमधला कॉम्प्युटर प्रिंटरशी सरळ बोलतो. पण उद्या स्कॅन करून ईमेल पाठवायचा म्हटलं की तिथे अडकतं आणि कोणालाच कळत नाही का. म्हणून आत्ताच भरा.

ॲप्लाय केल्यावर पान गोठल्यासारखं होईल, घाबरू नका, प्रिंटर नवीन पत्त्यावर गेलाय, ब्राउझरमध्ये नवीन पत्ता टाका. मग प्रिंटर एकदा बंद करून चालू करा आणि रिपोर्ट परत छापून पत्ता तोच राहिलाय का बघा, आणि तो पत्ता जाड अक्षरात लिहून प्रिंटरच्या पुढच्या बाजूला चिकटवा. सेलोटेप पावसात सुटते, लेबलचा कागद वापरा.

विंडोजमध्ये जोडणं, इथे खरी मेख आहे

विंडोज प्रिंटर स्वतः शोधून लिस्टमध्ये दाखवतो, आपण क्लिक करतो, चालू होतो, सगळे खूश. पण बऱ्याचदा तो डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर जोडलेला असतो, म्हणजे पत्त्याने नाही, तर नेटवर्कवर हाक मारून सापडला तर. प्रिंटर झोपेत असला, स्विचने हाक पुढे नेली नाही, फायरवॉलने अडवली, की ऑफलाइन. मग एवढी मेहनत करून दिलेल्या पक्क्या पत्त्याचा काय उपयोग. म्हणून हाताने जोडा.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, ॲड डिव्हाइस दाबा, ते शोधत बसेल, थोड्या वेळाने खाली हाताने जोडायचा पर्याय येतो. विंडोज १० मध्ये 'द प्रिंटर दॅट आय वॉन्ट इजन्ट लिस्टेड' अशी निळी ओळ येते. तिथे आयपी ॲड्रेस किंवा होस्टनेमने जोडायचं निवडा, डिव्हाइस टाइप ऑटो न ठेवता टीसीपी/आयपी करा, पत्ता टाका. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवलेला बरा, विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर चालतो पण मग दोन्ही बाजूंनी छपाई किंवा लीगल कागदाचा दुसरा ट्रे निवडायचे पर्याय गायब होतात, आणि वकिलाच्या ऑफिसात लीगल नाही म्हणजे काहीच नाही.

आधीच जोडलेला प्रिंटर काढायची गरज नाही. 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडा, नुसतं 'प्रॉपर्टीज' किंवा 'प्रेफरन्सेस' नाही, त्यात 'पोर्ट्स' टॅब, 'ॲड पोर्ट', 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट', पत्ता द्या, झालं. सगळ्या सेटिंग तशाच राहतात, फक्त वाट बदलते. तिथेच 'कॉन्फिगर पोर्ट'मध्ये प्रोटोकॉल रॉ आणि पोर्ट नंबर ९१०० असायला हवा. आणि त्याच खिडकीत खाली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी खूण असते, ती काढा. विंडोज त्या वाटेने प्रिंटरला विचारतो, बाबा आहेस का, आणि प्रिंटरने त्या भाषेत उत्तर दिलं नाही तर प्रिंटर समोर चालू असूनसुद्धा त्याला ऑफलाइन ठरवून मोकळा होतो. ही खूण काढल्याने टोनर किती उरला ते विंडोज दाखवणार नाही कदाचित, पण प्रिंट जाते, आणि टोनर संपला की प्रिंटर स्वतः सांगतोच.

जाता जाता दोन बारीक गोष्टी. 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा, नाहीतर कोणी एकदा 'प्रिंट टू पीडीएफ' वापरलं की तोच डिफॉल्ट होऊन बसतो. आणि प्रिंटच्या रांगेच्या खिडकीत 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वर खूण राहिली नाही ना बघा.

काही ऑफिसांत अजून जुनी पद्धत आहे, एका कॉम्प्युटरला प्रिंटर जोडायचा आणि बाकीच्यांनी तो शेअर करून घ्यायचा. सोडून द्या ती. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणाऱ्या भागात, प्रिंटनाइटमेअर नावाचं सुरक्षेतलं भोक सापडलं, ते आणि स्पूलरमधली बाकी भोकं बुजवायला मायक्रोसॉफ्टने शेअरिंगचे नियम कडक केले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेअर केलेला प्रिंटर जोडताना कितीतरी ऑफिसांत ०x०००००११बी हा एरर यायला लागला. इंटरनेटवर रजिस्ट्री बदलून तो घालवायचे उपाय मिळतात, म्हणजे बुजवलेलं भोक परत पाडायचे. त्यापेक्षा प्रिंटरला नेटवर्क आहे ना, प्रत्येक कॉम्प्युटर थेट पत्त्यावर जोडा, आणि मग त्या एका कॉम्प्युटरवाली बाई रजेवर असली तरी काम अडत नाही.

ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये ॲड करताना वर पृथ्वीगोलाचं चिन्ह असतं, तिथे पत्ता टाकून आयपीपी निवडा, बहुतेक नवीन प्रिंटर एअरप्रिंटवर, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या छपाईच्या सोयीवर, ड्रायव्हरशिवाय चालतात. फोनचं म्हणाल तर फोन त्याच वायफायवर हवा, एवढंच.

तरी चालत नसेल तर

पिंग करा. उत्तर येतंय आणि प्रिंट जात नाही, तर अडचण कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. उत्तर येत नाही तर अडचण नेटवर्कमध्ये आहे, ड्रायव्हरला हात लावू नका. या एका पायरीने अर्धा दिवस वाचतो. पत्त्यांची मारामारी आहे का हे ओळखायची एक सोपी खूण, प्रिंटरची केबल काढून पिंग करा, तरीही उत्तर आलं तर तिथे दुसरंच कोणीतरी बसलंय.

कधीकधी वरच्या मजल्यावरून प्रिंट जात नाही आणि खालून जाते. तिथे बहुतेक दोन राउटर असतात. रेंज मिळत नाही म्हणून कोणीतरी वर दुसरा राउटर आणला, खालून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेट आत येतं त्यात) खोचली आणि इंटरनेट चालू झालं म्हणून विषय संपला. पण आता वरचे कॉम्प्युटर १९२.१६८.०.काहीतरी आणि खालचा प्रिंटर १९२.१६८.१.५०, दोन वेगळी नेटवर्कं झाली. इंटरनेट दोन्हीकडे चालतं म्हणून कोणाला शंकाच येत नाही. गंमत म्हणजे वरून खाली पत्त्याने प्रिंट कधीकधी जातेसुद्धा, पण फोन आणि एअरप्रिंटला प्रिंटर दिसत नाही, आणि प्रिंटर वर असेल तर खालच्यांना अजिबात मिळत नाही. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो लावा. नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला खालच्या नेटवर्कमधला, पण डीएचसीपीच्या पट्ट्याबाहेरचा, एक मोकळा पत्ता द्या, आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये लावा.

इंटरनेटवाला बदलला की स्टॅटिक प्रिंटर हरवणारच. जुना राउटर १९२.१६८.१.१ होता, नवीन कनेक्शन जिओचं घेतलं तर त्यांचा राउटर सहसा १९२.१६८.२९.१ असतो, सगळे कॉम्प्युटर नव्या पट्ट्यात गेले आणि प्रिंटर एकटा जुन्यातच. इथे लोक प्रिंटर बदलतात, मग प्रत्येक कॉम्प्युटरचं पोर्ट बदलतात, मग डीव्हीआर आठवतो, मग बायोमेट्रिक. उलटं करा. कनेक्शन जोडायला आलेला मुलगा ऑफिसात असतानाच नवीन राउटरचा लॅन पत्ता जुन्यासारखा १९२.१६८.१.१ करून घ्या आणि डीएचसीपीचा पट्टा १०० ते २००. दहा मिनिटांचं काम, बाकी कशालाच हात लावावा लागत नाही.

लाइटबद्दल पण सांगतो. लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लावू नका, आतला फ्युजर, म्हणजे टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग, गरम होताना झटक्यात इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस किंचाळतो किंवा बंदच पडतो. यूपीएसवर राउटर, फायबरचा डबा आणि स्विच ठेवा, बारा व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो राउटरसाठी. काही मॉडेलांत 'शट डाऊन आफ्टर' नावाची सेटिंग असते, काही तासांनी प्रिंटर झोपत नाही तर पूर्ण बंदच होतो, ती 'नेव्हर' करा.

स्कॅन आणि थोडी सुरक्षा

मल्टिफंक्शन मशिन असेल तर स्कॅन टू ईमेलसाठी जीमेलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही, गूगलने २०२२ च्या मे अखेरीला ती सोय बंद केली. जीमेलमध्ये टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढा, प्रिंटरवर सर्व्हर एसएमटीपी.जीमेल.कॉम, पोर्ट ५८७ आणि टीएलएस. सगळं बरोबर भरूनही जात नसेल तर प्रिंटरचं घड्याळ बघा. तारीख जुन्या कुठल्यातरी सालात अडकलेली असली की सर्टिफिकेट तपासताना गडबड होते आणि प्रिंटर नुसता 'कनेक्शन फेल्ड' म्हणतो. टाइम झोन अधिक ५.३० करा.

स्कॅन टू फोल्डर जास्त छळतो. विंडोज १० ने २०१७ पासून जुना एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर शेअर करायची जुनी भाषा, बंद केलाय आणि कितीतरी जुनी मशिनं तेवढंच बोलतात. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत आणखी कडक झालंय, पासवर्ड नसलेला शेअर चालत नाही आणि साइनिंग (प्रत्येक निरोपावर डिजिटल सही) सक्तीचं. स्कॅनसाठी कॉम्प्युटरवर वेगळा युजर बनवा, पासवर्डसकट, फोल्डर त्यालाच शेअर करा, प्रिंटरचा फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून एसएमबी २ किंवा ३ चा पर्याय येतो का बघा. मशिन तेवढंच जुनं असेल तर एसएमबी १ परत चालू करू नका, ईमेलवर नाहीतर पेन ड्राइव्हवर स्कॅन घ्या. ऑफिसात लोकांच्या आधारच्या, सेल डीडच्या कॉप्या असतात.

त्याच कारणाने प्रिंटरचं ९१०० पोर्ट राउटरवरून बाहेर इंटरनेटला कधी उघडू नका, घरून प्रिंट पाठवायचंय म्हणून काही जण पोर्ट फॉरवर्ड करतात. २०१८ मध्ये एका हॅकरने जगभरच्या अशा उघड्या प्रिंटरांवर प्युडीपाय या यूट्यूबरची जाहिरात छापून दाखवली होती, त्याच्या म्हणण्याप्रमाणे ५० हजार प्रिंटर. त्याने कागदच वाया घालवले, दुसरा कोणी तेवढ्यावर थांबेल असं नाही. वायफाय डायरेक्ट, म्हणजे राउटरशिवाय फोन थेट प्रिंटरला जोडायची सोय, वापरत नसाल तर तेही बंद करा, 'डायरेक्ट' नावाने सुरू होणारं जे नेटवर्क शेजारच्या दुकानात फोनवर दिसतं ते तुमच्याच प्रिंटरचं असतं. कोणी चुकून त्याला जोडला गेला तर त्याची प्रिंट जाईल पण इंटरनेट बंद पडेल, आणि बोलावणं 'नेट चालत नाही' म्हणून येईल.